ओपीजी पहिल्याच फेरीत नीट यावा म्हणून

ओपीजी म्हणजे दोन्ही जबडे आणि सगळे दात एकाच सपाट फोटोत दाखवणारा एक्स-रे. त्याचं मशीन चालवायला शिकणं सोपं आहे. कंपनीचा इंजिनिअर येतो, चार बटणं दाखवतो, चहा घेतो आणि निघतो. पेशंट उभा कसा करायचा हे तो सांगत नाही, कारण ते त्याचं कामच नाही. मी नाशिकला शरणपूर रोडवरच्या एका सेंटरमध्ये ओपीजी आणि सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, काढते. डिप्लोमा करून नवीन आलेल्या पोरापोरींना पहिल्या आठवड्यात जे सांगते, तेच इथं लिहिते आहे. इंदिरानगर, गंगापूर रोडकडच्या ज्या दाताच्या डॉक्टरांनी अलीकडे स्वतःच्या क्लिनिकमध्ये मशीन बसवलंय, त्यांच्या असिस्टंटनाही उपयोग होईल. माझा अनुभव असा, की रिपीट मारावे लागणारे बहुतेक फोटो बटण दाबायच्या आधीच बिघडलेले असतात. म्हणून बटणाबद्दल इथं फार थोडं आहे.

आधी मशीन काय करतं ते डोक्यात पक्कं बसवा, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल. पेशंटच्या डोक्याभोवती मशीनचा एक दांडा फिरतो. त्याच्या एका टोकाला किरण सोडणारी ट्यूब, दुसऱ्या टोकाला ते टिपणारा सेन्सर. दांडा फिरतो तेव्हा ट्यूब डोक्याच्या मागून जाते आणि सेन्सर चेहऱ्यासमोरून. किरण एका उभ्या, बारीक फटीतून येतात, त्यामुळे एका क्षणी जबड्याची एक उभी पट्टीच टिपली जाते. अशा पट्ट्या शेजारी शेजारी लागत जाऊन सपाट चित्र तयार होतं. फिरण्याचं केंद्र एका जागी नसतं, जबड्याच्या वळणाप्रमाणे ते सरकत राहतं. त्यामुळे जबड्याच्या कमानीच्या आकाराची एक जागा अशी तयार होते, की तिच्यात जे येईल ते स्पष्ट आणि तिच्या पुढे-मागे असेल ते पुसट. यालाच आपण ट्रफ म्हणतो. दाढांपाशी ट्रफ बऱ्यापैकी रुंद असतो, पण समोरच्या पटाशीच्या दातांपाशी तो फार अरुंद होतो. काही मिलिमीटर इकडे-तिकडे झालं, की समोरचे दात गेलेच. फिनलंडच्या युर्यो पाटेरो यांनी १९४० आणि ५० च्या दशकांत हे तंत्र घडवलं. आज फिल्म जाऊन सेन्सर आला, तरी ट्रफची अडचण तशीच आहे.

आणखी एक गोष्ट. किरण आडवे सरळ येत नाहीत, खालून थोडे वर जातात. ट्यूब मागे असल्यामुळे मानेपाशी किरण खाली असतात आणि तोंडापाशी येईपर्यंत वर चढतात. मानेतली साखळी जबड्याच्या फोटोत कशी आली, असं नवीन मुलं विचारतात, त्याचं उत्तर यात आहे.

दागिने

डॉक्टरांची चिठ्ठी हातात आली की मी पहिल्यांदा पेशंटच्या कानाकडे बघते. झुबे, कुड्या, वेल, वरच्या पाळीतली बुगडी, नाकातली चमकी, मोरणी, अंबाड्यातले आकडे, केसांच्या पिना, चष्मा, कानातलं श्रवणयंत्र, काढता येणारी कवळी, हे सगळं निघालं पाहिजे. पुरुषांना विचारायचं राहून जातं. भिकबाळी, गळ्यातली चेन, देवाचं पदक. मालेगावकडच्या बायकांच्या हिजाबचं कापड अडत नाही, पण त्याच्या पिना अडतात. तिथं आमच्यातली एखादी बाई आत जाते आणि दार लावून पिना काढून घेते.

डाव्या कानातला झुबा राहिला, तर फोटोत डावीकडे तो स्पष्ट दिसतोच. वर उजवीकडे, थोड्या वरच्या उंचीवर, मोठा आणि पुसट असा त्याचाच दुसरा ठसा उमटतो. याला घोस्ट म्हणतात. तो नेमका वरच्या दाढांच्या मुळांवर किंवा सायनसवर बसतो आणि डॉक्टर म्हणतात, ‘इथं काय आहे हे?’ पांढरा डाग कशाचा ते कळत नसेल, तर विरुद्ध बाजूला, थोडं खाली बघा. मूळ वस्तू तिथं सापडते.

मंगळसूत्राचं जरा जपून. दिंडोरी, निफाड, कळवणकडून आलेल्या मावश्या ते काढायला कबूल होत नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नका आणि ‘काढावंच लागेल’ असं तोडून तर मुळीच बोलू नका. ‘मावशी, गळ्यातून काढायचं, पण अंगावरच ठेवायचं. मनगटाला गुंडाळून देते,’ असं म्हणते मी. हात खाली, मशीनला धरायच्या दांडीवर असतात, तिथं किरण जात नाहीत. आजवर या तोडग्याला क्वचितच कोणी नाही म्हटलंय. काहींना वाटतं, लांब मंगळसूत्र छातीवर लोंबतंय, त्याचा काय त्रास? पण त्याचा मागचा भाग मानेवरच असतो आणि आत्ताच सांगितलं तसं, मानेपाशी किरण खालून येतात. वारकऱ्यांच्या तुळशीमाळेला मात्र मी हात लावत नाही. लाकडी मणी आहेत. कॉलरच्या आत, मागून खाली सरकवून घेतली की काम होतं. तिला धातूची कडी असेल, तर ती पुढे छातीवर आणायची.

दागिने ठेवायला झाकणाचा डबा हवा आणि तो पेशंटच्या नातेवाइकाच्या हातात हवा. तुमच्या खिशात किंवा टेबलावर नको. हे एक्स-रेच्या पुस्तकात नाही, पण सेंटर चालवायचं असेल तर यापेक्षा महत्त्वाचं फार थोडं आहे.

लेड एप्रनचं काय? अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०२४ मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी एप्रन आणि गळ्याची कॉलर दोन्ही वापरायची गरज नाही असं सांगितलं. आपल्याकडे पेशंट स्वतः एप्रन मागतात, विशेषतः लहान मुलांच्या आया. द्यायचा असेल तर द्या, पण मागच्या बाजूनं तो खांद्याच्या खाली राहिला पाहिजे. मानेवर चढला, तर फोटोच्या खालच्या मध्यावर पांढरा त्रिकोण येतो आणि हनुवटीचं हाड झाकतं. थायरॉइडची कॉलर ओपीजीला कधीच नाही. ती सरळ किरणांच्या वाटेत येते.

उभं करणं

पेशंट आत येण्याआधी मशीन त्याच्या उंचीपेक्षा थोडं वर ठेवा आणि मग खाली आणा. खाली ठेवलं तर माणूस वाकून आत शिरतो आणि वाकलेलाच राहतो. वाकलेल्या माणसाच्या मानेचे मणके किरणांच्या वाटेत येतात आणि समोरच्या दातांवर मधोमध पांढरा उभा पट्टा पडतो. त्यासाठी पेशंटला दांडी धरायला सांगायचं आणि पावलं अर्धं पाऊल पुढे घ्यायला लावायची. तो किंचित मागे रेलल्यासारखा होतो, मान सरळ ताणली जाते. त्याला ते विचित्र वाटतं, ‘ताई, पडेन ना मी,’ म्हणतो. पडत नाही, दांडी हातात असते.

खांदे खाली सोडायला सांगा. आडव्या बांध्याचे, आखूड मानेचे काका असले, की दांडा खांद्याला घासतो, मशीन अडतं आणि अर्धा डोस वाया जातो. अशा वेळी आधी एकदा किरण न सोडता मशीन फिरवून बघावं. ती सोय बहुतेक मशीनमध्ये असते आणि कोणी वापरत नाही.

आता बाईट ब्लॉक, म्हणजे पेशंटनं समोरच्या दातांत चावून धरायचा मशीनवरचा छोटा तुकडा. नवं प्लॅस्टिकचं कव्हर पेशंटसमोरच चढवा, त्यानं ते बघितलं पाहिजे. ब्लॉकला खाच असते. वरचे आणि खालचे पटाशीचे दात दोन्ही त्या खाचेतच हवेत. लोक वरचे दात खाचेत ठेवतात आणि खालचे मागे राहतात. ‘खालचा जबडा थोडा पुढे काढा’ म्हटलं की बसतात. खाचेच्या पुढे चावलं, तर समोरचे दात सेन्सरच्या जवळ जातात आणि बारीक, अरुंद दिसतात. मागे राहिले तर पसरट आणि पुसट. फोटो बघून चूक कुठली हे यावरून ओळखता येतं.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. माझ्याकडे येणाऱ्या तिशीतल्या मुलांची तोंडं बघून ते खरं वाटत नाही. गालाच्या आत पट्टे आवळलेले, तोंड दोन बोटंही उघडत नाही. अशा पेशंटच्या तोंडात लहान फिल्म किंवा सेन्सर घालताच येत नाही, म्हणून डॉक्टर त्यांना ओपीजीलाच पाठवतात. ब्लॉक चावण्यापुरतं तोंड उघडलं तरी पुरतं. तेवढंही होत नसेल, तर ब्लॉक काढून हनुवटीचा टेकू लावा. ज्या आजी-आजोबांना दातच नाहीत त्यांनाही तोच टेकू, आणि ओठांत कापसाची गुंडाळी.

मशीन चेहऱ्यावर लेझरच्या रेषा पाडतं, त्या तीन. उभी रेषा नाकाच्या मधून जाते. आडवी रेषा डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपासून कानाच्या छिद्राच्या वरच्या कडेपर्यंत, जमिनीला समांतर. तिसरी सुळ्यावर. नुसतं समोरून बघून भागत नाही, बाजूला जाऊन बघा. हनुवटी फार खाली गेली तर दातांची ओळ फोटोत जास्तच हसरी होते आणि खालच्या पटाशीच्या दातांची मुळं पुसट होतात. वर गेली तर ओळ सपाट किंवा उलटी होते आणि टाळूचं हाड वरच्या मुळांवर आडवं येऊन बसतं. मान वळली असेल तर ट्यूबकडे सरकलेल्या बाजूच्या दाढा रुंद आणि सेन्सरकडच्या बाजूच्या अरुंद येतात. मग कोणीतरी ‘जबडा एका बाजूला सुजलाय’ असं समजून बसतं. मान वळवताना डोकं दोन्ही हातांनी धरून वळवू नका. आधी विचारा, सांगा, मग हलकेच हनुवटीला बोट लावा. वयस्क बायका परक्या हाताला दचकतात, आणि दचकलेलं माणूस स्थिर राहत नाही.

जीभ

सगळ्यात जास्त फोटो जिभेनं बिघडतात. जीभ खाली पडली, की ती आणि टाळू यांच्यामध्ये हवा राहते, आणि वरच्या दातांच्या मुळांवर काळा पट्टा येतो. नेमकी तीच मुळं बघायला डॉक्टरांनी पाठवलेलं असतं. प्रत्येक सेंटरमध्ये ‘जीभ टाळूला लावा’ असं सांगितलं जातं, पेशंट मान डोलावतो आणि जिभेचं टोक तेवढं वर लावतो. टोक लागून उपयोग नाही, अख्खी जीभ लागली पाहिजे. मी असं सांगते: ‘आजी, पेढा टाळूला चिकटलाय असं समजा. जिभेनं दाबून धरा, खाऊ नका.’ हे पटकन कळतं. नाही कळलं तर थुंकी गिळायला सांगा, गिळताना जीभ जिथं लागते तिथंच ठेवायची. ओठ मिटलेले हवेत. उघडे राहिले तर समोरच्या दातांवर अशीच काळी सावली येते.

हे सगळं ब्लॉक तोंडात घालायच्या आधी सांगा. ब्लॉक चावल्यावर पेशंटला ‘हो’ही म्हणता येत नाही. जिभेची एकदा रंगीत तालीम करून घ्या. मी तर बटणाकडे जाताना शेवटचं वाक्य तेच बोलते: ‘आता गिळा, जीभ वर, डोळे मिटा.’ डोळे मिटायचं कारण एवढंच, की दांडा समोरून गेला की माणूस नजरेनं त्याचा पाठलाग करतो आणि नजरेमागे डोकं वळतं.

बटण

फोटोला साधारण १२ ते १८ सेकंद लागतात, मशीनप्रमाणे कमी-जास्त. बटण पूर्ण वेळ दाबून धरायचं असतं, सुटलं की किरण थांबतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येक नवीन मूल एकदा तरी मध्येच बोट उचलतं. काचेतून पेशंट दिसला पाहिजे, मोबाइल बाहेर राहिला पाहिजे. फिरता फिरता पेशंट हलला, तर खालच्या जबड्याची कड मध्येच पायरीसारखी तुटलेली दिसते. हाड मोडलंय की पेशंट हललाय हे ओळखायचं असेल, तर त्याच उभ्या पट्टीत वरच्या दातांकडे बघा. तिथंही तशीच लाट असेल, तर हलणं आहे.

लहान मुलांसाठी मशीनवर वेगळा मोड असतो, तो लावा. मूल घाबरलेलं असेल तर किरण न सोडता एकदा दांडा फिरवून दाखवा. ओपीजीला मुलाला धरून कोणी उभं राहू शकत नाही, दांडा फिरायला जागा लागते. पाच वर्षांचं मूल तेवढा वेळ उभंच राहत नसेल, तर डॉक्टरांना फोन करून सांगायचं, जबरदस्ती करायची नाही. म्हाताऱ्या, हात-मान थरथरणाऱ्या माणसांना पाठ नसलेल्या स्टुलावर बसवा.

‘किती रेडिएशन असतं हो?’ हा प्रश्न रोज येतो. उत्तर तयार ठेवा. एका डिजिटल ओपीजीला साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट. जमीन, आकाश, खाणंपिणं यांतून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, म्हणजे दिवसाला साडेसहाच्या आसपास मायक्रोसिव्हर्ट. ओपीजी म्हणजे दोन ते चार दिवसांचा हिशेब. हे ऐकलं की माणूस निवांत होतो. गरोदर असल्याचं विचारणं मात्र चुकवू नका, आणि चार माणसांत मोठ्यानं विचारू नका. पोटापर्यंत जवळपास काही पोहोचत नाही, तरी घाई नसेल तर पुढे ढकलणं बरं. ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण फक्त कळवायचं.

आपल्या स्वतःसाठी टीएलडी बॅज, म्हणजे आपल्याला किती रेडिएशन मिळालं ते मोजणारा बिल्ला. तो एप्रनच्या आत लावायचा, कपाटात ठेवून द्यायचा नाही, दर तीन महिन्यांनी तपासायला पाठवायचा. कामगारासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. भिंतीच्या आड उभं राहिलं, तर तुम्ही त्याच्या जवळपासही जात नाही. मशीन मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर नोंदलेलं आहे ना, दोन वर्षांनी होणारी तपासणी झाली आहे ना, हे नोकरी धरतानाच विचारा. मालकाला राग आला तर त्यावरूनही काय ते कळतं.

सीबीसीटी

लोक विचारतात, हे सीटी स्कॅनच ना? नातं आहे, पण मशीन वेगळं. १९७१ मध्ये लंडनला हाउन्सफील्ड यांच्या मशीनवर पहिल्या पेशंटचा सीटी झाला, मेंदूचा. आजच्या सीटीत पेशंट झोपतो, टेबल सरकतं आणि ट्यूब पुन्हा पुन्हा फिरते. सीबीसीटीत किरण शंकूच्या आकारात पसरतात आणि एकाच फेरीत, कधी पूर्ण तर कधी अर्ध्या, शेकडो चित्रं घेतली जातात. त्यांच्यातून कॉम्प्युटर त्रिमितीय जबडा बांधतो. हाड आणि दात यांच्यासाठी ते उत्तम, मऊ भागासाठी फार कामाचं नाही. जिभेवर, गालात गाठ असेल तर त्याला सीबीसीटीवर पाठवणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही वाया. तिथं साधा सीटी किंवा एमआरआय लागतो. तंबाखू, मिश्री इतकी चालते आपल्याकडे, की ही गोष्ट क्लिनिकच्या भिंतीवर लावून ठेवायला हवी.

चिठ्ठीवर नुसतं ‘सीबीसीटी’ लिहून आलं, तर डॉक्टरांना फोन करा. कुठला दात, कशासाठी? एका दाताच्या रूट कॅनॉलमध्ये चुकलेली वाट शोधायची असेल तर पाच बाय पाच सेंटिमीटरचा भाग आणि बारीक व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्राचा सगळ्यात लहान ठोकळा) पुरतो. उगाच अख्खं तोंड घेतलं, तर डोस कितीतरी पटीनं वाढतो. ओपीजीच्या तुलनेत सीबीसीटीचा डोस काही पटींपासून काही दहापटींपर्यंत जाऊ शकतो, म्हणून हा फोन महत्त्वाचा. अक्कलदाढेचं मूळ खालच्या नसेला टेकलंय का, किंवा इम्प्लांटला हाड किती आहे, हे प्रश्न मात्र सीबीसीटीचेच. ओपीजीवर मोजपट्टी लावून इम्प्लांटची लांबी ठरवू नये, कारण ओपीजी साधारण २० ते ३० टक्के मोठा दिसतो आणि तोही सगळीकडे सारखा नाही.

इम्प्लांटसाठी घेताना वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटे हवेत, मध्ये कापसाची गुंडाळी द्या. इथं सगळ्यात मोठा शत्रू हालचाल. पेशंटला सांगा, गिळायचं नाही, म्हणून बटणाच्या आधीच एकदा गिळून घ्या. धातूच्या टोप्या असतील तर त्यांच्या भोवती काळे-पांढरे पट्टे येणारच, फेरी पुन्हा मारून ते जात नाहीत. तसं रिपोर्टवर लिहून द्या आणि पुढे चला.

शेवटी फाइल. पेशंट म्हणतो, ‘व्हॉट्सॲपवर टाका ना, पिंपळगावला जायचंय, बस चुकेल.’ टाका, पण ओपीजी फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही. सीबीसीटीचा स्क्रीनशॉट पाठवून काम झालं असं समजू नका. डायकॉमचं, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइलींचं, अख्खं फोल्डर, सोबत ते उघडणारा व्ह्यूअर, पेन ड्राइव्हवर द्या. पेशंट उभा असतानाच एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, आणि फोल्डरला पेशंटचं नाव आणि तारीख द्या, नाहीतर डॉक्टरांचा फोन रात्री नऊला येतो.